मग धावतेस कशाला?

साताऱ्याच्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून सारांश देते. वय ४४, बँकेत नोकरी, मुलगी यंदा बारावीला, मुलगा आठवीत, घरी सासूबाई. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गावाजवळच्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चालायला जाऊ लागल्या. एका पावसाळी सकाळी गंमत म्हणून उतारावरून पळत आल्या आणि मग पळतच राहिल्या. वर्षभरानं ग्रुप मिळाला, मनगटावर अंतर-वेग मोजणारं घड्याळ आलं, धावण्याची नोंद ग्रुपला दाखवणारं स्ट्रावा हे ॲप आलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन (‘हाफ’ म्हणजे २१ किलोमीटर) तीनदा झाली. पहिलं मेडल गळ्यात पडलं तेव्हा रडू कोसळलं होतं. गेल्या वर्षी अडीच तासांच्या आत आल्या, पण ते तिसरं मेडल अजून पिशवीतून बाहेर निघालेलं नाही. आता ग्रुपमधल्या बहुतेकांनी जानेवारीत मुंबईला ‘फुल’, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर धावायचं ठरवलंय. कोचनं अठरा आठवड्यांचा तक्ता पाठवलाय. तो उघडला की पोटात गोळा येतो, असं त्या लिहितात.

जूनमध्ये त्यांचं घड्याळ बंद पडलं आणि आठ-दहा दिवस दुरुस्तीला गेलं. तेवढे दिवस त्या तशाच धावल्या. ‘किती धावले, किती वेळात, काही माहीत नाही. घरी आले की गुणगुणत असायचे.’ मग ग्रुपवर विचारणा झाली, ‘आठवडाभर दिसला नाहीत, बरं आहे ना?’ आणि ते सगळं धावणं वाया गेलं असं त्यांना वाटलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘वेळ बघायची नाही, रेस करायची नाही, मग धावतेस कशाला?’ ताई विचारतात: फुल करू का? नाही केली तर मी आळशी झाले असं समजायचं का? आणि समोर ध्येय नसलं तर धावणंच सुटणार नाही ना?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात मुंबईच्या मॅरेथॉनबद्दल जेमतेम चार ओळी आहेत आणि जूनमधल्या त्या आठ-दहा दिवसांबद्दल दीड पान. धुकं, कुरणेश्वरकडचा ओला रस्ता, कुणाच्या तरी चुलीचा धूर, उतारावर सुटलेले पाय. मुंबईच्या ओळींत मात्र आठवडे, किलोमीटर आणि फी. काय हवंय ते तुमच्या हाताला कळलेलं दिसतं. ‘मग तसंच करा’ म्हणून मी पत्र मिटवू शकले असते, पण त्यानं तुम्ही परत तिथेच अडकाल. काय आवडतं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. जे आवडतं ते नुसतं आवडतं म्हणून करायचा संकोच वाटतोय, आणि तो का वाटतोय ते बघायला हवं.

आळसाचं आधी निकालात काढू. आळशी माणसाला बंद पडलेलं घड्याळ म्हणजे अंथरुणात लोळायला आयतं निमित्त. तुम्ही त्याच आठवड्यात रोज बाहेर पडलात. विषय संपला.

‘वाया गेलं’ हे मात्र मला टोचलं. धावलात, घाम आला, मन हलकं झालं, पाय दमले. यातलं वाया काय गेलं? फक्त नोंद गेली. आणि नोंद नसली की धावणंच झालं नाही असं वाटायला लागलंय. यात तुमचा काही स्वभावदोष आहे असं समजू नका, मोजमाप भल्याभल्यांना असं करतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एटकिन यांचे यावरचे प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना चित्रं रंगवणं, चालणं, वाचणं अशा हौसेच्या गोष्टी करायला दिल्या. काहींना आपण किती केलं याचा आकडा कळत होता, काहींना नाही. आकडा कळणाऱ्यांनी जास्त केलं, पण त्यांना मजा कमी आली. आपल्या हौसेचं त्यांना काम वाटायला लागलं होतं.

त्याहून जुना एक प्रयोग तुमच्या पिशवीतल्या मेडलसाठी सांगते. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतली, मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक ते दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण रंगांकडे वळतं हे पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. तुमच्या पहिल्या मेडलचं रडू आणि तिसऱ्या मेडलची पिशवी यांच्यात असंच काहीसं घडलं असावं. पहिलं तुम्हाला अचानक भेटलं. तिसऱ्यासाठी तुम्ही धावलात.

(इथे काही वेगळी माणसं आहेत, त्यांनी माझं बोलणं मनावर घेऊ नये. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली तुम्हाला पहाटे मैदानावर दिसतच असतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, आणि सेकंदासेकंदावर गुण ठरतात. त्यांनी घड्याळ काढून ठेवलं तर पोटावर पाय येईल. डॉक्टरांनी ठरावीक मिनिटं चालायला-धावायला सांगितलेल्यांचंही तेच. आणि काहींना आकड्यांतच खरी गंमत वाटते, कालच्यापेक्षा आज दहा सेकंद कमी लागले की त्यांचा दिवस सोन्याचा. त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही त्यांच्यातल्या नाही, एवढंच.)

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे. माणूस वाईट नाही हे तुम्हीच लिहिलंय: रविवारी मुलांचा नाश्ता तो बघतो, हाफच्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन पोवई नाक्यावर उभा राहतो. त्याचा प्रश्नही खवचट नसावा. त्याला खरंच कळत नसेल. पण तुम्हाला तो इतका का लागला?

तुमच्या पत्रातल्या घटना ओळीनं लावून बघा. पहिल्यांदा घराबाहेर पडलात त्या डॉक्टरांच्या नावावर. मग रेसच्या नावावर. ‘रेस आहे’ म्हटलं की सासूबाई स्वतःचा चहा स्वतः करून घेतात, डबे उशिरा झाले तरी कुणी बोलत नाही. आपल्याकडे बाईला सकाळचा तास मिळतो, पण कशाच्या तरी नावावर मिळतो. तब्येतीसाठी, देवासाठी, परीक्षेसाठी, स्पर्धेसाठी. तुमचं मेडल हा त्या तासाचा गेटपास होता. फुल केली नाही तर पासाची मुदत संपेल आणि तो तास बारावीच्या वर्षात, डब्यांत, औषधांच्या वेळांत कधी जिरला हे कळणारही नाही, ही तुमची खरी धास्ती आहे. ‘ध्येय नसलं तर सुटेल’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मला ऐकू येतं, ‘कारण नसलं तर सोडणार नाहीत’.

पत्रात तुम्ही शिवाशिवी आणि विषामृताचा जाता जाता उल्लेख केलाय. आपल्या वयाच्या बायकांना विचारा, तो खेळ कधी थांबला? बाराव्या-तेराव्या वर्षी, बहुतेकींचा. पाय दुखतात म्हणून कुणाचाच थांबला नाही. ‘आता मोठी झालीस, अशी धावत जाऊ नकोस’ म्हणून थांबला. त्यानंतर एस.टी. पकडण्यासाठी आणि दूध उतू जाताना तेवढं धावायचं. चार भिंतीच्या उतारावर त्या पावसाळी सकाळी तुम्ही जे केलंत ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कोच तेव्हा नव्हताच, ध्येयही नव्हतं. पहिलं वर्षभर तुम्ही कशाहीविना धावलात. ध्येयाशिवाय धावणं टिकतं का, याचा पुरावा म्हणून आणखी काय द्यायचं?

बायकांच्या धावण्याला परवाना लागतो ही गोष्ट साताऱ्यापुरती नाही आणि आजचीही नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शेवटी त्या फार दमलेल्या दिसल्या, असा गवगवा झाला आणि ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० मध्ये, रोमला. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. मधल्या काळातल्या बायकांना धावून दाखवावं लागलं, सिद्ध करावं लागलं, आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ते सिद्ध करून झालंय. आता तुम्ही ४२ किलोमीटरची पावती पुन्हा आणून दाखवायची गरज नाही.

तर यजमानांना काय सांगायचं? ‘मला आवडतं म्हणून.’ एवढंच, आणि पुढे काही जोडायचं नाही. ‘शुगर ताब्यात राहते’, ‘मूड चांगला राहिला की तुमच्यावर चिडत नाही’ असली शेपटं लावायचा मोह होईल. दोन्ही खरं असेल. पण लावलंत की पुन्हा घराच्या फायद्याचा हिशोब मांडून बसाल, आणि ज्या दिवशी धावून येऊनही चिडाल त्या दिवशी तो हिशोब तुमच्याच अंगावर येईल. रात्री साडेअकरापर्यंत क्रिकेटची मॅच बघताना तुमच्या यजमानांना कुणी ध्येय विचारलंय का? हे भांडणात म्हणू नका. चहा पिताना, हसत म्हणा, कळेल त्याला. तासाचा व्यवहार मात्र स्पष्ट ठरवा: आठवड्यातले कुठले दिवस, किती वाजेपर्यंत, तेवढ्या वेळात सासूबाईंचा चहा आणि मुलीचा डबा कुणाकडे. ‘जमेल तसं जाईन’ असं सांगितलेलं आपल्या घरांत कधी जमत नाही.

फुलबद्दल मी एकतर्फी बोलत नाही. मुंबईची मॅरेथॉन ही एक जत्रा आहे, आणि चांगली जत्रा आहे. पहाटेच्या काळोखात सीएसएमटीपासून निघायचं, सी लिंकवर दोन्हीकडे समुद्र, आणि पेडर रोडच्या चढावर अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं पुढे करत उभी. अनेकांना आयुष्यभर पुरेल असा तो दिवस असतो. पण तो दिवस एक, आणि त्याआधीचे आठवडे अठरा. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून मागे मोजलंत तर सप्टेंबरच्या मध्यावर पोचता. म्हणजे गणपतीच्या सुमारापासून संक्रांतीपर्यंत. मध्ये नवरात्र, दिवाळी आणि मुलीची पूर्वपरीक्षा. तक्त्यातल्या मोठ्या रविवारी २८ ते ३२ किलोमीटर, तुमच्या वेगानं साडेतीन-चार तास, आणि आल्यावर दुपारभर आडवं पडणं. त्या दिवशी घरात पाहुणे असले तरी.

म्हणून रेसच्या दिवसाची कल्पना करू नका. तो सगळ्यांनाच हवासा वाटतो. नोव्हेंबरमधला एक रविवार डोळ्यांसमोर आणा. पहाटे चार, थंडी, पुढे तीस किलोमीटर, आणि कोचनं ठरवून दिलेला वेग. त्या रविवारची थोडीतरी ओढ वाटत असेल, निदान सोबतच्या मैत्रिणींसाठी, तर जरूर करा. ती फुल तुमची असेल. पोटात गोळाच येत असेल तर मेडलनं तो जाणार नाही. मला विचाराल तर या वर्षी नको. मॅरेथॉन काही पळून जात नाही, दर जानेवारीला असते.

आणि धावणं सुटलंच तर? सुटेल थोडं. श्रावणात एखादा आठवडा पाऊस इतका लागेल की तुम्ही खिडकीतून बघून परत झोपाल. लग्नसराईत दहा दिवस जातील. सुटू द्या. ध्येयवाल्यांचंही सुटतं, फार मोठं सुटतं: रेस झाल्यावर महिनोन्‌महिने बूट न घातलेले दोघे-तिघे तुमच्या ग्रुपमध्येही सापडतील. आवडीनं धावणाऱ्याला परत यायला नवी रेस लागत नाही, कोरडी सकाळ पुरते.

आता काही कामाच्या गोष्टी, तुमच्यासाठी आणि तुमच्यासारखं लिहिणाऱ्या आणखी दोघी-तिघींसाठीही.

घड्याळ टाकून देऊ नका. महिनाभर कपाटात ठेवा. तेही नको वाटत असेल तर घाला, पण बाहीखाली, आणि आकडे रविवारी एकदाच बघा. स्ट्रावावर धाव फक्त आपल्याला दिसेल अशी ठेवता येते, ती सोय वापरा. शाबासकीचे अंगठे बंद झाल्यावर पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं होईल, तेवढं सोसा. वेगासाठी एकच कसोटी पुरे: शेजारणीची चुगली मध्ये न थांबता करता येईल, इतक्याच वेगानं धावायचं. चुगली तुटायला लागली की वेग जास्त झाला.

रोज एकाच चालीनं कंटाळा येतो. जोरात पळावंसं वाटलं तर पळा की! १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये योस्ता होल्मेर नावाच्या प्रशिक्षकानं याचीच पद्धत बसवली. तेव्हा शेजारच्या फिनलंडचे धावपटू सगळ्यांना हरवत होते. होल्मेरनं आपल्या धावपटूंना ट्रॅकवरून उठवून रानात सोडलं: मन करेल तेव्हा वेगानं, मन करेल तेव्हा हळू. आज जगभरचे कोच ‘फार्टलेक’ म्हणून हे तक्त्यात घालतात, तुमच्याही तक्त्यात बुधवारी-गुरुवारी कुठेतरी असेल बघा. तुम्ही तक्त्याशिवाय करा. त्या विजेच्या खांबापर्यंत जोरात, मग श्वास बसेपर्यंत हळू, म्हशी आडव्या आल्या तर थांबा. उतारावर तेवढी पावलं लहान टाका, गुडघे दुवा देतील. घाटाच्या रस्त्याला उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा. धुक्यात गडद कपडे नकोत. घड्याळ घरी राहिलं तरी फोन जवळ असू द्या, आणि कुठल्या बाजूला जाताय ते कुणाला तरी सांगून निघा.

एक तपासणी करून घ्या. चाळिशीत पाळी जास्त जाते, लोह उतरतं, थायरॉइड कुरबुर करतं, आणि हे सगळं ‘मन लागत नाही’ या वेषात येतं. जूनमध्ये तुम्ही गुणगुणत होतात, म्हणजे बहुधा तसं काही नसावं. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघून घ्या. ज्यांना घड्याळ काढूनही धावणं जड जातंय, झोप लागत नाही, जिना चढताना पाय भरून येतात, त्यांनी तर माझं सदर वाचण्याआधी डॉक्टरांकडे जावं.

मुलीला बरोबर न्यायचं का, असंही विचारलंय. ‘एकाग्रता वाढते’ म्हणून नेणार असाल तर नेऊ नका. तिच्या वेळापत्रकात आधीच फायद्याच्या गोष्टींची गर्दी आहे. उतारावर शर्यत लावायची असेल तर न्या.

राहिला ग्रुप. तो सोडायची काही गरज नाही, आणि एकदम सोडलात तर तुम्हाला करमणारही नाही. बाकीचे जानेवारीची तयारी करतील, तुम्ही रविवारी त्यांच्याबरोबर निघा, पहिले आठ-दहा किलोमीटर गप्पा मारा आणि वळून परत या. नवीन येणाऱ्यांना मागे सोबत लागते, ती तुम्ही द्या. हिल मॅरेथॉनच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात पाणी द्यायला एकदा उभ्या राहून बघा, धावणाऱ्यांचे चेहरे समोरून बघण्यात वेगळीच मजा आहे. कोचला मोठं स्पष्टीकरण लिहायला बसू नका. बसलात की शेवटी स्वतःच फॉर्म भराल. ग्रुपवर एवढंच टाका: ‘या वर्षी फुल करत नाहीये. रविवारी येणार आहे. या वेळचे पोहे माझ्याकडे.’